कोळशाचं डिझेल आणि गोदावरीचं पाणी

जानेवारी २०२४ चा पहिला आठवडा नाशिककर विसरले नसतील. नव्या कायद्यातल्या अपघाताच्या तरतुदीविरुद्ध चालकांनी टँकर उभे केले, मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून इंधन बाहेर पडेना आणि गावोगावच्या पंपांवर रांगा लागल्या. मुंबईहून जमिनीखालच्या वाहिनीतून आलेलं पेट्रोल-डिझेल पानेवाडीला उतरतं आणि तिथून उत्तर महाराष्ट्रात, मराठवाड्यात जातं. तेव्हा नुसते टँकर थांबले होते. आखाताचं तेल जिथून बाहेर पडतं त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत जहाजंच अडली तर काय होईल, याची चुणूक त्या दोन दिवसांत मिळाली.

ही काळजी खरी आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त तेल आपण बाहेरून आणतो. दुसरीकडे २०२४-२५ मध्ये देशातलं कोळशाचं उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. पायाखाली एवढा कोळसा असताना तेलासाठी परक्याच्या दारात का उभं राहायचं? कोळशाचंच डिझेल करा आणि शेतातला काडीकचराही त्याच भट्टीत घाला, असं म्हणणारे आता बरेच भेटतात. केंद्र सरकारनेही २०३० पर्यंत वर्षाला १० कोटी टन कोळशाचं वायूकरण करण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यासाठी ८,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली आहे. वायूकरण म्हणजे काही लगेच डिझेल नव्हे. त्या वायूपासून खत, मिथेनॉल, लोखंड असं बरंच काही होतं. पण डिझेलकडे जाणारी वाटही तिथूनच फुटते.

नाशिकमध्ये तर ही कल्पना आणखीच सोपी वाटते. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या गाड्या रिकाम्या करायची सगळी व्यवस्था आहे. सिन्नरजवळ गुळवंचला १,३५० मेगावॅटचा वीजप्रकल्प उभा राहिला आणि वर्षानुवर्षं जवळजवळ रिकामाच बसला. भोवती द्राक्षछाटणीची काडी, उसाचं चिपाड, मक्याची ताटं. सगळं हाताशी आहे, कारखाना तेवढा टाकायचा राहिलाय, असं वाटणं स्वाभाविक आहे.

माझं मत याच्या उलट आहे. कोळशापासून डिझेल करण्याचा कारखाना नाशिक जिल्ह्यात नको, आणि इथला काडीकचराही डिझेलच्या नादाने शेतातून उचलून नेऊ नये. त्यातलं जे ओलं आहे, नासणारं आहे, त्याचा गॅस करावा. जे कोरडं आहे त्यावर पहिला हक्क मातीचा. हे मी पर्यावरणाच्या हळवेपणातून म्हणत नाही. हिशोब मांडला की तो इथेच येऊन थांबतो.

हिशोब सुरू होतो हायड्रोजनपासून. डिझेलमध्ये कार्बनच्या प्रत्येक अणूमागे हायड्रोजनचे साधारण दोन अणू असतात. कोळशात एकाहूनही कमी असतो. म्हणजे कोळसा पातळ करायचा तर त्यात हायड्रोजन घालावा लागतो, आणि तो आणायचा पाण्यातून. तापलेल्या कोळशावर वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन यांचं मिश्रण मिळतं, त्याला सिनगॅस म्हणतात. जर्मनीतल्या म्युलहाइमच्या कोळसा संशोधन संस्थेत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी १९२५ च्या सुमारास दाखवून दिलं की हा वायू लोखंड किंवा कोबाल्टच्या उत्प्रेरकावरून नेला तर त्याचे इंधनाचे लांब रेणू बनतात. पण त्यासाठी मोनॉक्साइडच्या दुप्पट हायड्रोजन लागतो आणि कोळशातून निघतो जेमतेम बरोबरीचा. उरलेला मिळवायला थोड्या मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ सोडायची. तिथे हायड्रोजन मिळतो आणि मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो. कागदावर आकडेमोड केली तर कार्बनच्या दर तीन अणूंतला एक असा धुराड्यात जातो. भट्टी तापवायला लागणारा कोळसा यात धरलेलाच नाही, ऑक्सिजन वेगळा काढायला आणि पंप फिरवायला लागणारी वीजही नाही. ती धरली की खाणीतून आणलेल्या कार्बनपैकी निम्म्याहून जास्त कार्बन टाकीत पोचतच नाही.

यंत्रं सुधारली तर हे बदलेल, असं काही जण म्हणतात. थोडंफार सुधारेल. पण तीनातला तो एक अणू कुठल्याही यंत्राने वाचत नाही, हायड्रोजन बाहेरून आणला तरच वाचतो. आणि सौरविजेवर पाण्यापासून स्वस्त हायड्रोजन करता येऊ लागला, तर तो कोळशाच्या पाठीवर का लादायचा, हा पुढचा प्रश्न उभाच राहतो.

आता ज्यांनी हे मोठ्या प्रमाणावर केलं त्यांच्याकडे पाहू. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची विमानं मुख्यतः कोळशापासून काढलेल्या पेट्रोलवर उडत होती, कारण तेलाचे रस्ते बंद होते. मे १९४४ पासून दोस्तांच्या विमानांनी ते कारखाने हेरून झोडपले आणि हवाई दलाचं इंधन काही महिन्यांत आटलं. आपल्याकडेही त्या काळात सर्व्हिस मोटारींना मागे कोळशाची भट्टी जोडून गाड्या चालवल्या गेल्या. पेट्रोल मिळू लागताच त्या भट्ट्या उतरल्या. दक्षिण आफ्रिकेने १९५० मध्ये सासोल ही कंपनी काढली, १९५५ मध्ये सासोलबर्गला पहिलं इंधन निघालं, आणि १९७९ मध्ये इराणचं तेल बंद झाल्यावर सेकुंडाचा अवाढव्य कारखाना पुरा केला गेला. वर्णभेदामुळे जगाने टाकलेला बहिष्कार हे त्यामागचं कारण होतं. अमेरिकेने १९८० मध्ये कृत्रिम इंधनासाठी सरकारी महामंडळ काढलं आणि तेल स्वस्त होताच १९८६ मध्ये गुंडाळलं. चीन हे आज करतो, पण खाणीच्या तोंडाशी आणि सरकारी तिजोरीच्या जोरावर. खुल्या बाजारात भाव बघून कुणी या धंद्यात टिकल्याचं उदाहरण मला सापडत नाही. भारतातही २००९ मध्ये ओडिशातले दोन खाणपट्टे खास याच कामासाठी दोन उद्योगसमूहांना दिले गेले होते. त्यांतून डिझेलचा थेंबही निघाला नाही.

आपल्याला सगळ्यात जवळचा धडा मात्र गोदावरीच्याच काठावर आहे. त्र्यंबकला उगम पावलेली ही नदी तेलंगणात रामगुंडमला पोचते. तिथे कोळशाच्या वायूपासून युरिया करणारा सरकारी कारखाना १९८० मध्ये सुरू झाला. ओडिशातल्या तालचेरला त्याचं जुळं भावंड होतं. खाण शेजारी, नदी शेजारी, सरकार पाठीशी. तरी दोन्ही कारखाने पूर्ण क्षमतेने कधीच धड चालले नाहीत आणि १९९९ मध्ये बंद झाले. रामगुंडमचा कारखाना २०२१ मध्ये पुन्हा उत्पादन देऊ लागला, पण नैसर्गिक वायूवर. कोळसा उशाशी असताना लांबून नळाने आलेला वायू निवडावा लागला. तालचेरला कोळशावरच पुन्हा उभारणी चालू आहे, ती यशस्वी व्हावी असंच मला वाटतं. पण कोळशाच्या पोटात बसलेल्या गावांना जे इतकं जड जातं, ते खाणीपासून शेकडो किलोमीटर लांब असलेल्या नाशिकने का अंगावर घ्यावं?

समजा घेतलं. रोज १०,००० पिंपं (एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर) देणारा, या धंद्याच्या मानाने लहानसा कारखाना धरू. एका टनातून साधारण सव्वा ते दीड पिंप निघतं, म्हणजे दिवसाला सात-आठ हजार टन कोळसा, रोज दोन मालगाड्या. आपल्या कोळशात ३० ते ४० टक्के राख असते, म्हणजे रोज अडीच हजार टनांच्या आसपास राख. सेकुंडाचा कोळसाही काही फार स्वच्छ नाही, त्यामुळे राखेने हे काम अशक्य होतं असं मी म्हणणार नाही. पण ती ठेवायची कुठे, हे एकलहऱ्याच्या आसपासच्या गावांना विचारावं. आणि जुनी वीजकेंद्रं उपयोगी पडतील हा तर निव्वळ गैरसमज आहे. कोळसा उतरवण्याची जागा आणि रेल्वेचा फाटा कामाला येईल. बॉयलर, टर्बाइन यांचा वायूकरणाशी काही संबंध नाही. ऑक्सिजनचा प्लांट, वायूची भट्टी, गंधक काढणारी यंत्रणा, संश्लेषणाची पात्रं, शुद्धीकरण, सगळं नव्याने उभारावं लागतं.

पाण्याचं तर विचारूच नका. एका पिंपामागे पाच ते दहा पिंपं पाणी लागतं. म्हणजे दिवसाला ८० लाख ते १ कोटी ६० लाख लिटर. माणशी १३५ लिटर धरलं तर साठ हजार ते सव्वा लाख माणसांचं पाणी. वर्षाचं मोजलं तर टीएमसीचा दहावा ते पाचवा हिस्सा. गंगापूर धरणात सुमारे साडेपाच टीएमसी मावतं, त्यापुढे हा आकडा किरकोळ दिसतो. पण नाशिकमध्ये पाणी कधी किरकोळ नसतं. जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हे मेंढेगिरी समितीच्या सूत्राने ठरलं. तेव्हापासून पाऊस कमी झाला की दिवाळीच्या तोंडावर इथे मोर्चे निघतात, कोर्टात अर्ज पडतात, गंगापूर, दारणा, पालखेडच्या दारांवर पोलिस उभे राहतात. द्राक्षबागायतदार एकेका आवर्तनासाठी भांडतो. मराठवाड्यातला माणूस पिण्याच्या पाण्यासाठी भांडतो, आणि त्याचं भांडण चूक नाही. या दोघांच्या मध्ये बारा महिने अखंड पाणी ओढणारा, एक दिवसही बंद ठेवता न येणारा तिसरा ग्राहक आणून बसवायचा, आणि कशासाठी? देश रोज ५० लाखांहून जास्त पिंपं तेल वापरतो. त्यात आपल्या १०,००० पिंपांची भर म्हणजे पाचशेतला एक भागही नाही.

धुराचं काय करायचं, यावर एक उत्तर मिळतं आणि ते ऐकायला फार आकर्षक आहे. कार्बन डायऑक्साइड पकडून आपल्याच काळ्या पाषाणात जिरवा. आइसलँडमध्ये पाण्यात विरघळवलेला हा वायू बेसॉल्टमध्ये सोडतात आणि तिथे त्याचा दोनेक वर्षांत दगड होतो. आपला सह्याद्री, ब्रह्मगिरीपासून खाली, तोच बेसॉल्ट आहे. शास्त्र खरं आहे आणि दख्खनच्या पाषाणात याचे प्रयोग व्हायलाच हवेत. पण त्या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. सेकुंडाचा अनुभव असा की इंधन आणि रसायनं मिळून दिवसाला दीड-पावणेदोन लाख पिंपांची क्षमता, आणि वर्षाला साडेपाच कोटी टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड. जगात एका ठिकाणाहून इतका वायू सोडणारी दुसरी जागा नाही असं मानलं जातं. म्हणजे पिंपामागे टनाच्या आसपास. एक पिंप डिझेल गाडीत जाळल्यावर निघतो त्याच्या हे दुपटीहून जास्त झालं, आणि ते जाळणं अजून बाकीच आहे. आपल्या लहानशा कारखान्यातून रोज आठ हजार टन निघाला असं धरलं, तरी तो दगडात जिरवायला रोज २० कोटी लिटर पाणी लागेल. वायू पाण्याविना थेट दाबून बेसॉल्टमध्ये टोचण्याचा एक प्रयोग अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात झाला आहे. तो सगळा मिळून हजारेक टनांचा होता. तेवढा वायू आपला कारखाना तीन तासांत सोडेल.

राहिला काडीकचरा. इथे माझं मन खरोखर गुंततं, कारण या बाजूचे लोक प्रामाणिक आहेत आणि त्यांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. झाडाने हवेतून घेतलेला कार्बन जाळून हवेत परत गेला तर नवी भर पडत नाही. कोळशासोबत तिसरा हिस्सा काडीकचरा घातला आणि वर धूरही पकडला, तर निघालेलं डिझेल खनिज डिझेलपेक्षा स्वच्छ ठरू शकतं, हेही खरं. अडचण आहे ती काडी गोळा करण्यात, वाळवण्यात आणि वाहून नेण्यात. सुटी काडी ट्रकभर भरली तरी वजन भरत नाही. ओल असली तर बरीच उष्णता पाणी उडवण्यात जाते. भट्टीत तिचं डांबर सुटतं आणि नळ्या तुंबतात. मोठ्या भांडवलाची, जाणकार माणसंही इथे हरली आहेत. जर्मनीत फ्रायबर्गची कोरेन कंपनी लाकडापासून डिझेल करणार होती, तिने २०११ मध्ये दिवाळं काढलं. अमेरिकेत जॉर्जियातला रेंज फ्युएल्सचा कारखाना त्याच वर्षी बंद पडला. नेवाडात शहरी कचऱ्यापासून विमानाचं इंधन करू पाहणारी फुल्क्रम २०२४ मध्ये बुडाली. आपल्याकडे पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना सुरू झाला. ९०० कोटींचा खर्च, वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि त्यातून तीन कोटी लिटर इथेनॉल, असं त्याचं नियोजन. म्हणजे टनाला दीडशे लिटर. आणि पंजाब-हरियाणात पेंढा खरंच नको झालेला आहे, तो तिथे पेटवून देतात.

नाशिकमध्ये नको झालेलं आहे तरी काय? बाजरीचं सरमाड गुरांपुढे जातं. मक्याच्या ताटांचा मुरघास होतो, दुष्काळी सालात कसमादेत (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) आणि येवल्यात त्याला धान्यासारखा भाव येतो. चिपाड साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जळतं. सोयाबीनचं भुसकटही पडून राहत नाही. उरते द्राक्षाची काडी, एप्रिलच्या खरड छाटणीची आणि ऑक्टोबरच्या फळछाटणीची. निफाड-दिंडोरीत ती पूर्वी बांधावर पेटवून द्यायचे. आता बरेच बागायतदार ट्रॅक्टरच्या श्रेडरने तिचा चुरा करून ओळींमध्येच टाकतात, आणि माझ्या मते गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याच्या शेतीत झालेला हा सगळ्यात शहाणा बदल आहे. माती परीक्षणाचा कागद कुठल्याही बागायतदाराकडून मागून बघा. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आत निघाला तर कुणाला नवल वाटत नाही. अशा मातीतून काडी उचलायची, शेकडो टन एकत्र करायची, तिचं डिझेल करायचं, आणि त्याच शेतकऱ्याने शेणखताची ट्रॉली वाढत्या भावाने विकत घ्यायची, हा व्यवहार कुणाच्या फायद्याचा? काडीला चार पैसे मिळतील हे मला मान्य आहे, आणि कर्जात बुडालेल्या बागायतदाराला ते पैसे नाकारण्याचा अधिकार मला नाही. म्हणूनच त्याला दुसरा पैसा दाखवता आला पाहिजे.

तो पैसा ओल्या कचऱ्यात आहे. भाव पडला की पिंपळगावच्या रस्त्यावर टोमॅटो ओतले जातात, चाळींतला कांदा सडतो, नाशिकच्या मार्केट यार्डात भाजीपाल्याचे ढीग साचतात, साखर कारखान्यांत प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) पडते. या सगळ्यात पाणीच जास्त, भट्टीत घालायला ते निरुपयोगी. पण जिवाणूंना तेच हवं असतं. बंद टाकीत ते कुजवलं की मिथेन मिळतो, तो शुद्ध करून दाबला की सीएनजीच्या गाडीत जातो आणि मागे उरलेली स्लरी शेतात खत म्हणून जाते. कार्बनचा काही हिस्सा इंधनाला, नत्र-स्फुरद-पालाश जवळजवळ सगळं मातीला. नाशिकला हे नवं नाही. महापालिकेने विल्होळीला हॉटेलांतलं उरलेलं अन्न आणि शौचालयांतला मैला एकत्र करून वीज करण्याचा प्रकल्प जर्मन सरकारी संस्थेच्या मदतीने २०१७ मध्ये सुरू केला होता. देशपातळीवर २०१८ च्या 'सतत' योजनेत पाच वर्षांत ५,००० गॅस प्रकल्प उभारायचे ठरलं होतं, झाले त्यातले अगदी थोडे. कारणं ठाऊक आहेत: कच्चा माल वर्षभर मिळत नाही, स्लरीला गिऱ्हाईक नाही, बँका कर्ज देत नाहीत. आता शहर गॅस कंपन्यांवर जैववायू मिसळण्याचं बंधन आलं आहे, २०२५-२६ मध्ये एक टक्का आणि २०२८-२९ पर्यंत पाच टक्के. म्हणजे गॅसला बाजार तयार होतो आहे. कच्चा माल आणि स्लरी या दोन अडचणी जिल्ह्यातच सोडवण्यासारख्या आहेत.

पातळ इंधनाशिवाय ज्याचं चालतच नाही असं एक वाहन आहे, विमान. बॅटरीचं वजन घेऊन त्याला लांब उडता येत नाही. फिशर-ट्रॉप्श पद्धतीचं इंधन विमानाच्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळायला २००९ पासून मान्यता आहे. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये एक टक्का, २०३० मध्ये पाच टक्के जैवइंधनाचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यासाठी देशात काही मोठे कारखाने लागतील, जिथे पेंढा खरंच फुकट जळतो तिथे ते जरूर व्हावेत. ओझरला विमानं बनतात म्हणून त्यांचं इंधनही नाशिकच्या काडीतूनच निघावं असं काही नाही.

रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना मात्र पातळ इंधन अटळ नाही. थळ घाटातून इगतपुरीपर्यंत आगगाडी १९३० पासून विजेवर चढते आहे. नाशिकहून विजेवरची एसटी पुण्याला जाते. कांद्याचे लांब पल्ल्याचे ट्रक आणि शेतातले ट्रॅक्टर यांना अजून बरीच वर्षं डिझेल लागेल, ते मी नाकारत नाही. त्यांच्यासाठी संकटकाळाची तरतूद हवीच. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूरच्या भुयारांत मिळून ५३ लाख टन तेल ठेवता येतं, ते देशाला जेमतेम दहा दिवस पुरेल. ही भुयारं वाढवायला लागणारा पैसा आणि पाणी, कोळशाच्या डिझेलला लागणाऱ्या पैशा-पाण्यापुढे फार कमी आहे.

म्हणून जिल्हा नियोजन समितीत किंवा विधानसभेत कुणी 'कोळशापासून इंधन, नाशिकला रोजगार' असा प्रस्ताव आणला, तर लोकप्रतिनिधींनी आधी पाण्याचं आरक्षण विचारावं: कुठल्या धरणातून, कुणाचं कापून, जायकवाडीला पाणी सोडायच्या सालात काय? आणि लासलगाव, पिंपळगाव, नाशिकच्या बाजार समित्यांनी कुणाच्या प्रस्तावाची वाट न बघता आपल्या आवारातल्या ओल्या कचऱ्याचं वर्षभराचं वजन महिन्यागणिक मोजून जाहीर करावं, कारण बँक पहिल्यांदा तेच मागते. गॅस प्रकल्पाच्या करारात स्लरी शेतकरी उत्पादक कंपन्यांना कुठल्या भावाने आणि किती किलोमीटरच्या आत पोचवायची, हे कलम गॅसच्या भावाच्या कलमाआधी लिहून घ्यावं.